खंडूचे कान

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चारचौघींत उभं राहून बोलायची मला सवय नाही. दरवर्षी मी स्वयंपाकघर सांभाळते, या वर्षी अध्यक्षाताईंनी आग्रह केला की तूच काहीतरी बोल. कशावर बोलू म्हटलं, तर म्हणाल्या, तुमच्या खंडूचंच सांग. तेव्हा आज मी कुत्र्यावर बोलणार आहे. हसू नका. तुमच्यापैकी निम्म्या जणींना खंडू ठाऊक आहे, आणि त्यातल्या काही जणी गेल्या वर्षी माझ्यावर रागावल्या होत्या, तेही मला ठाऊक आहे.

खंडू आमच्याकडे 2011 सालच्या चंपाषष्ठीला आला. सासूबाईंनी तळी भरली, भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, आणि कुत्र्याला पान ठेवायला म्हणून मी दार उघडलं तर पायरीवर हे एवढंसं पिल्लू कुडकुडत बसलेलं. सासूबाईंना घरात जनावर चालत नसे. पण त्या दिवशी आलेला, म्हणजे खंडोबानंच धाडलेला, घालवायचा कसा? नैवेद्य खाऊन ते तिथेच झोपलं ते झोपलंच. गावठी जात, तांबूस रंग, एक कान उभा आणि एक पडका. साताऱ्याच्या आमच्या जुन्या वाड्यात खाली चौक, पडवी आणि वर लाकडी माडी. सगळा वाडा त्याचा झाला.

त्याचे कान कसे होते म्हणून सांगू! ह्यांची स्कूटर चौकापाशी वळली की हा जिन्यावरून खाली. मला आवाज यायच्या आधी त्याला यायचा. मी त्याच्यावरून भाकरी टाकायची वेळ ठरवीत असे. बिस्किटांच्या डब्याचं झाकण माडीवर उघडलं तरी चौकातून धावत यायचा. फक्त दिवाळी त्याला नको असायची. पहिला फटाका वाजला की पलंगाखाली, ते भाऊबीज होईपर्यंत बाहेर म्हणून नाही. मी ताट तिथे सरकवीत असे.

2024 च्या दिवाळीला तो पलंगाखाली गेला नाही. वाड्याच्या दारात मुलांनी माळ लावली आणि हा पडवीत पाय पसरून झोपलेला. आम्हाला केवढा आनंद झाला! ह्यांनी तर सगळ्यांना सांगितलं, "खंडू धीट झाला हो म्हातारपणी." मी त्याला करंजी दिली. आता आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं. तो धीट झाला नव्हता, त्याला माळ ऐकूच आली नव्हती. आणि आम्ही करंजी देऊन ते साजरं केलं.

पुढे थंडीत हळूहळू एकेक सुरू झालं. हाक मारली तर येईना. चौकात उभं राहून दोनदा-तीनदा ओरडावं, तर भलतीकडेच बघे. स्कूटरचा आवाज आला तरी उठेना. हे जिना चढून समोर आले की मग दचकून शेपटी हलवी. आम्ही म्हटलं, आळशी झाला, माजला. कारण काय, तर पाटा-वरवंट्याचा आवाज झाला की मान उचलायचा. दार धाडकन आपटलं की बघायचा. तेव्हा ऐकू तर येतंय, फक्त आपलं ऐकत नाही, असं आमचं ठरलं. एकदा दूधवाला आला असताना वाटेतून उठेना, दोनदा "ऊठ" म्हटलं, तिसऱ्यांदा मी हातातल्या लाटण्यानं त्याच्या पाठीत एक दिली. तेरा वर्षांत पहिल्यांदा. त्यानं माझ्याकडे जे बघितलं ते बघणं रागाचं नव्हतं. त्याला कळलंच नव्हतं की हे कशाबद्दल.

आता मुख्य गोष्ट सांगते. समोरच्या वहिनी इथे बसल्या आहेत, त्यांना विचारूनच सांगते आहे.

होळीनंतरच्या आठवड्यात दुपारी खंडू जिन्याखाली झोपला होता. वहिनींची छकुली, पहिलीत जाणारी, शाळेतून आली आणि नेहमीसारखी मागून धावत येऊन त्याच्या गळ्यात पडली. तेरा वर्षं पेठेतली पोरं त्याच्या अंगावर लोळली, त्यानं कधी गुरगुर केली नव्हती. त्या दिवशी तो झोपेतून ताडकन उठला आणि वळून चावला. छकुलीच्या मनगटावर दोन दात उमटले, रक्त आलं. लगेच त्यानं तोंड सोडलं आणि भिंतीला चिकटून थरथरत उभा राहिला. पण ते कोण बघतो? पोरगी किंचाळत होती.

आम्ही नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं हात धुतला. हे सगळ्यांनी लक्षात ठेवा: हळद, तिखट, चुना काही लावायचं नाही, आधी वाहतं पाणी आणि साबण, आणि लगेच दवाखाना. खंडूला दरवर्षी लस दिलेली होती, कार्ड होतं, तरी डॉक्टरांनी छकुलीला लस सुरू केली आणि रक्त आलं होतं म्हणून जखमेतही इंजेक्शन दिलं. एवढंसं मनगट. तिला धरून बसायला मी होते. वहिनी मला तेव्हा जे बोलल्या ते मी मनात ठेवलेलं नाही. माझ्या मुलीला कुणाचं कुत्रं चावलं असतं तर मी त्याहून जास्त बोलले असते.

डॉक्टरांनी सांगितलं, कुत्र्याला दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवा. त्या दहा दिवसांत वाड्यात एकच विषय. म्हातारा झाला, चावरा झाला. कुणी म्हणालं, यवतेश्वरच्या घाटात सोडून या, तिकडे काहीतरी खाऊन राहील. हे गप्प बसले होते. रात्री मला म्हणाले, "उद्या दुसऱ्या कुणाला चावला तर आपण काय तोंड दाखवायचं?" त्यांचंही चुकत नव्हतं. पण घाटात जनावर सोडणं हा 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे हे मला पुढे कळलं, आणि कायदा नसता तरी माझ्या हातून ते झालं असतं असं वाटत नाही. मात्र ठेवायचा तरी कसा, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्यांना चौऱ्याऐंशी वर्षं झाली आहेत. सात-आठ वर्षांपासून कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र आणलं आहे, ते कपाटात असतं. त्या दहा दिवसांत खंडू त्यांच्या खुर्चीसमोर बांधलेला असे आणि त्या दिवसभर त्याला बघत असत. पाचव्या-सहाव्या दिवशी मी मागून जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला, तशा त्या केवढ्यानं दचकल्या! वाटी सांडली. मला म्हणाल्या, "तुला किती वेळा सांगितलं, समोरून येत जा. मला चावता येत असतं तर मीही चावले असते." आणि मग खंडूकडे बोट करून म्हणाल्या, "त्यालाही ऐकू येत नाही. तुम्हाला दिसत नाही का?"

खरं सांगते, आम्हाला दिसलं नव्हतं. मी म्हटलं, परीक्षा घेऊ. तो माडीवर झोपला असताना मागे जाऊन पातेलं खाली टाकलं. तो लगेच उठला. मी म्हटलं, बघा, येतंय ऐकू. सासूबाई म्हणाल्या, "फळ्या हादरल्या त्या त्याला अंगाला कळल्या. मलाही तू चालतेस ते पायाला कळतं." मग खाली चौकात दगडी फरशीवर तो झोपलेला असताना मी लांब उभं राहून ताट वाजवलं, शिट्टी घातली, किल्ल्या वाजवल्या. कान हलला नाही. त्याचा तो उभा कान, जो पाल चुकचुकली तरी वळायचा, तो तसाच राहिला. मी तिथेच फरशीवर बसले.

दहा दिवस झाले. खंडू ठणठणीत होता, तेव्हा वेडाची भीती गेली. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्यांनी आधी नळीतून दिवा टाकून दोन्ही कान पाहिले. कारण कानात मळ साठला, आत पिकलं, गाठ आली, तरी ऐकू येत नाही, आणि ते औषधानं पुष्कळदा बरं होतं. म्हणून कुत्रं ऐकेनासं झालं तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये, एकदा कान दाखवावेत. खंडूचे कान स्वच्छ होते. मी भीतभीत कबूल केलं की एका बाईंच्या सांगण्यावरून मी लसूण घालून कोमट केलेलं तेल दोन दिवस त्याच्या कानात घातलं होतं. डॉक्टरीणबाई चांगल्याच रागावल्या. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ नसते, आधी खाली जाते आणि मग आत वळते. त्यात गेलेलं बाहेर येत नाही. आतला पडदा फाटलेला असला तर तेल किंवा भलतं औषध पार आत जातं आणि उरलंसुरलं ऐकणंही जातं. काडीला कापूस लावून कोरणंही तसंच वाईट, मळ आणखी आत ढकलला जातो.

मग त्यांनी मला समजेल असं सांगितलं. कानाच्या अगदी आत शंखासारखी गुंडाळलेली एक नळी असते, तिच्यात केसांसारखे बारीक तंतू असलेल्या पेशी असतात. आवाजानं त्या हलतात आणि मेंदूला निरोप जातो. वय झालं की त्या मरतात, आणि माणसात काय कुत्र्यात काय, एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणून यावर औषध नाही. आणि सहसा आधी बारीक, तीक्ष्ण आवाज जातात. शिट्टी, किल्ल्या, डब्याचं झाकण, बाईमाणसाची हाक. जाड, घुमणारे आवाज मागाहून जातात. माणसाला एका सेकंदात वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला चाळीस हजारांच्याही पुढचा. एवढं मोठं धन घेऊन आलेला जीव, ते वरून वरून कमी होत जातं आणि घरच्यांना पत्ता लागत नाही. पाटा-वरवंटा ऐकू येत होता आणि मी येत नव्हते, त्याचं कारण हे. मला त्या क्षणी ते लाटणं आठवलं.

मेंदूचे विजेचे ठोके मोजून नेमकं किती ऐकू येतं हे सांगणारी तपासणी असते, पण ती मोठ्या शहरातही सगळीकडे होत नाही, आणि केली तरी आम्ही वेगळं काय करणार होतो? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्याचे कान परत येणार नाहीत. त्याचे डोळे आहेत, नाक आहे, अंग आहे. तुम्हीच त्याच्याशी बोलायची रीत बदला." आणि चावण्याबद्दल म्हणाल्या, बहिरं कुत्रं गाढ झोपतं, कारण त्याला जागं करणारे आवाज नसतात. अशा झोपेत अंगावर काही पडलं तर ते आधी तोंड टाकतं आणि मग बघतं. त्यात दुष्टपणा काही नाही. पण म्हणून दुर्लक्षही करायचं नाही.

तर आम्ही काय केलं ते सांगते, कारण अध्यक्षाताईंना तेच हवं होतं.

सगळ्यात आधी त्याची झोपायची जागा बदलली. जिन्याखाली जाण्या-येण्याच्या वाटेवर होती. ती पडवीच्या कोपऱ्यात केली, पाठीला भिंत, समोर दार दिसेल अशी. मग उठवायची रीत. हात लावायचा नाही. आधी नाकासमोर, थोडं दूर, हात धरायचा. वासानं नाकपुड्या हलतात, डोळे उघडतात. उघडले नाहीत तर समोरून हळूच खांद्याला स्पर्श करायचा आणि तो उठताक्षणी भाकरीचा तुकडा द्यायचा. दिवसातून पाच-सहा वेळा मी मुद्दाम हे करीत असे. महिनाभरात असं झालं की कुणी उठवलं तर तो दचकायच्या ऐवजी तुकडा शोधू लागला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की हे घाईनं होत नाही, आणि लहान मुलाला हे काम कधी द्यायचं नाही.

हाकेच्या जागी हातवारे आणले. दोन्ही हात पसरले की ये. तळवा समोर धरला की थांब. बोट जमिनीकडे की बस. तोंडापुढे टाळ्या वाजवल्यासारखं केलं की शाबास. मला वाटलं होतं म्हाताऱ्या कुत्र्याला आता काय शिकवणार! पण पंधरा दिवसांत त्यानं तीन खुणा उचलल्या. उशीर लागला तो आम्हाला. हे 'ये' म्हणून एक बोट वाकवीत, मुलगी मांडी थोपटी, मी हात पसरी. तो बिचारा तिघांकडे बघून मधेच बसून राही. शेवटी मुलीनं कागदावर चित्रं काढून भिंतीला लावली आणि सगळ्यांना तेच करायला लावलं. एक मात्र झालं. सासूबाई भात नको म्हणून ताटावर हात आडवा धरतात, तो खंडूला 'थांब' वाटतो. त्या जेवायला बसल्या की तो जिथे असेल तिथे पुतळ्यासारखा उभा!

रात्री चौकातून बोलवायला मी पडवीच्या दिव्याची दोनदा उघडझाप करते. लांबून बॅटरी दाखवली तरी चालते. लाल किरणाचं खेळणं मात्र वापरू नये, डोळ्याला इजा होते. रस्त्यावर आता पट्टा सुटत नाही. पूर्वी तो मोकळा हिंडायचा, पण मागून येणारी रिक्षा त्याला कळत नाही, आणि हल्लीच्या विजेच्या स्कूटर तर आपल्यालाही कळत नाहीत. गळ्यात घुंगरू बांधलं आहे. ते त्याच्यासाठी नव्हे, आमच्यासाठी. हाक मारून सापडत नाही तेव्हा तो कुठे आहे ते कळतं. आणि पट्ट्याला पत्र्याची चकती, तिच्यावर 'मला ऐकू येत नाही' आणि ह्यांचा फोन नंबर.

रात्रीचं भुंकणं वाढलं होतं, त्याबद्दल शेजाऱ्यांची माफी मागते. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही म्हणून तो मोठ्यानं भुंकतो. त्यातून जाग आली आणि आजूबाजूला कुणी दिसलं नाही की घाबरतो. पडवीत बारीक दिवा ठेवायला लागल्यापासून ते पुष्कळ कमी झालं आहे. अगदी गेलं असं मी म्हणणार नाही, शेजारच्या काकू तोंडावर खोटं पाडतील.

वाड्यातल्या मुलांना मी एका रविवारी चौकात बसवलं आणि सगळं करून दाखवलं. मुलांना ते मोठ्यांपेक्षा लवकर कळलं. नियम एकच केला, झोपलेल्या खंडूजवळ जायचं नाही. जागा असेल तर समोरून यायचं, मोठं माणूस जवळ असताना. छकुली त्या दिवशी आली नाही. दोन महिने ती आमच्या पडवीकडे बघतही नव्हती. श्रावणात एकदा दारात उभी राहिली आणि लांबूनच दोन्ही हात पसरले. खंडू उठला, तिच्याकडे गेला आणि तिच्यापासून दोन हातांवर थांबून बसला. का थांबला ते मला सांगता येणार नाही. तिनं त्याला हात लावला नाही, मीही लाव म्हटलं नाही. वहिनींचं मन अजून पुरतं निवळलेलं नाही. त्या चौकातून जाताना मुलीचा हात धरतात. धरावाच. खंडूच्या चावण्याची जबाबदारी माझी आहे, त्यांची नाही.

सासूबाईंचं आणि त्याचं मात्र मेतकूट जमलं आहे. ज्यांना जनावर घरात चालत नव्हतं, त्यांच्या खुर्चीखाली तो दिवसभर असतो. त्या काठी जमिनीला दोनदा टेकवतात, तो वर बघतो, मग त्या त्याच्याशी तासभर बोलतात. ह्यांनी एकदा विचारलं, त्याला ऐकू येत नाही तर बोलतेस कशाला? त्या म्हणाल्या, "मला तरी कुठे ऐकू येतंय? पण तोंड हललेलं दिसलं की बरं वाटतं." आम्हीही आता जेवताना त्यांच्या समोर बसतो. आधी आम्ही त्यांच्या मागून वाढत होतो आणि वरून ओरडत होतो.

अध्यक्षाताई घड्याळाकडे बघताहेत, आटपते.

खंडूला आता चौदा वर्षं झाली. चालणंही मंदावलं आहे. एक गोष्ट मी कधी चुकवत नाही. पूर्वी घराबाहेर पडताना मी "येते रे" म्हणायची, आणि ते ऐकून तो पुन्हा डोळे मिटायचा. आता न सांगता गेलं की तो उठून घरभर शोधत फिरतो, म्हणून मी त्याला उठवूनच निघते. आज इथे यायला निघाले तेव्हा तो झोपला होता. नाकापाशी हात धरला. डोळे उघडले, माझ्या साडीचा वास घेतला, चांगली साडी म्हणजे बाहेर हे त्याला कळतं. मी तळवा दाखवला, थांब. त्यानं मान पुन्हा पायांवर ठेवली. मी जिन्याशी वळून बघितलं तर अजून माझ्याकडेच बघत होता, मग मी आणखी एकदा तळवा दाखवला आणि निघाले.